आधी साधं पाणी

मागच्या दिवाळीत मामाकडे गेलो होतो. वाईजवळ मामाची शेती आहे, शेतावर एक पत्र्याची शेड आहे आणि त्या शेडमध्ये गेली चौदा-पंधरा वर्षं एक जीप झोपलेली होती. विलीजच्या परवान्यावर महिंद्रने इथे बनवलेली, उंच बॉनेटची सीजे-३बी. आजोबांनी ती सेकंडहँड घेतली होती. आम्हा सगळ्या भावंडांचं लहानपण तिच्या मागच्या बाकावर हादरे खात गेलंय. आजीने यंदा फर्मान काढलं, "एकदा तिच्यातनं पाचगणीला न्या, मग मी मोकळी." आजीचं वय अठ्ठ्याऐंशी. त्यामुळे "पुढच्या वर्षी बघू" हे उत्तर कुणालाच द्यावंसं वाटेना.

मामाने एक जुने मिस्त्री शोधून आणले. त्यांनी आठवडाभरात कार्ब्युरेटर साफ केला, नवी बॅटरी टाकली, इंजिन हाताने फिरतंय याची खात्री केली. मी पुण्याहून येताना माझा वाटा म्हणून हिरव्यागार कूलंटचे दोन कॅन घेऊन गेलो होतो. इंटरनेटवर वाचून गेलो होतो ना! रेडिएटरमध्ये साधं पाणी घालणं म्हणजे महापाप, गंज चढतो, क्षार साठतात, इंजिनाचं वाटोळं होतं, वगैरे वगैरे.

मी कॅनचं झाकण उघडणार तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "इंजिनिअर साहेब, ते राहू द्या बाजूला. आधी साधं पाणी."

"अहो मिस्त्री, पण गंज?"

"दोन दिसांत काय गंजतंय? आमचे वस्ताद असंच करायचे. आधी पाणी, मग काय ते तुमचं हिरवं."

बस्स. यापलीकडे स्पष्टीकरण नाही. आता आमच्या धंद्यात असा अनुभव रोज येतो. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेल्या कोडमध्ये एक विचित्र ओळ असते. कॉमेंट नाही, डॉक्युमेंट नाही, लिहिणारा कंपनी सोडून गेलेला. नवीन आलेला उत्साही पोरगा ती ओळ उडवतो आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळी सिस्टिम झोपते. तेव्हा कळतं ती ओळ कशासाठी होती ते. मी स्वतः तो उत्साही पोरगा होतो एकेकाळी. त्यामुळे वस्तादांची ती ओळ उडवायच्या आधी ती कुठून आली ते शोधावं असं ठरवलं. शोधता शोधता जे हाती लागलं ते इतकं रंजक निघालं की हा शनिवार त्यालाच दिला.

सुरुवात अगदी सुरुवातीपासून करू. १८८६ साली कार्ल बेंझने जी तीनचाकी मोटार केली तिला आज आपण म्हणतो तसा रेडिएटर नव्हताच. सिलिंडरभोवती पाणी, ते तापून उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. संपलं की परत भरायचं. चुलीवरच्या पातेल्याचं तत्त्व. १८८८च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभरेक किलोमीटरवरच्या माहेरी, ही गाडी घेऊन गेली. वाटेत वीझलॉखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण इंधनापेक्षा जास्त वेळा ती थांबली पाण्यासाठी. जिथे पाणी दिसेल तिथे भर. आपल्याकडे घाटाच्या पायथ्याशी एसटीचा ड्रायव्हर डबा घेऊन उतरायचा आणि फडक्याने रेडिएटरचं झाकण हळूच फिरवायचा, ते आठवलं की बर्थाबाई आपल्याच गावच्या वाटतात.

पाणी उडू द्यायचं नसेल तर ते थंड करून परत इंजिनात पाठवायला हवं. हे काम नीट जमवलं विल्हेल्म मायबाखने. १९०१च्या ३५ हॉर्सपॉवरच्या मर्सिडीजला त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. ६ मिलिमीटर बाय ६ मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या! आधी जिथे १८ लिटर पाणी लागायचं तिथे आता ९ लिटरमध्ये भागू लागलं. गाडीचं तोंड म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जी जाळी येते तिचा जन्म हा असा.

मग १९०८ साली आली फोर्डची मॉडेल टी. सुरुवातीच्या अडीचेक हजार गाड्या सोडल्या तर तिला पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं आणि थंड पाणी खाली उतरतं, एवढ्या भरवशावर ते आपलं आपण फिरायचं. याला थर्मोसायफन म्हणतात. पंप नाही म्हणजे पंप बिघडायचा प्रश्नच नाही. मला हे डिझाइन फार आवडतं. सगळ्यात कमी बग्ज कुठल्या कोडमध्ये असतात? जो लिहिलाच नाही त्यात.

इथपर्यंत सगळं पाण्यावर निभावलं. पाण्यासारखा उष्णता उचलणारा द्रव मिळणं अवघड. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात. याचा अर्थ तेवढ्याच तापमानवाढीत ते इंजिनातून भरपूर उष्णता घेऊन जातं. शिवाय पातळ, स्वस्त, न पेटणारं आणि विहिरीत मिळणारं. खोड एकच. शून्य अंशाला ते गोठतं आणि गोठताना आकाराने सुमारे ९ टक्के फुगतं. बाकीचे बहुतेक द्रव गोठताना आकसतात, हे महाशय फुगतात. आणि फुगताना ते बिडाच्या ब्लॉकलाही जुमानत नाहीत. सकाळी उठून बघावं तर ब्लॉकला उभी चीर.

आपल्याला याचं गांभीर्य चटकन कळत नाही. पुण्यातली आजवरची नीचांकी थंडी १९३५च्या जानेवारीतली, १.७ अंश. म्हणजे पुण्यात रेडिएटर गोठायची वेळ कधी आलीच नाही. दर हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याची बातमी पेपरात येते, तेवढाच काय तो आपला बर्फाशी संबंध. पण मिशिगनमध्ये, मिनेसोटात, कॅनडात ज्याच्याकडे गाडी होती त्याला हिवाळ्यात दोनच पर्याय होते. एक तर रोज रात्री तोटी उघडून पाणी काढून टाकायचं आणि सकाळी गरम पाणी भरायचं, नाहीतर पाण्यात काहीतरी मिसळायचं.

त्या "काहीतरी"ची यादी मजेशीर आहे. मीठ, म्हणजे कॅल्शियम क्लोराइड: पाणी गोठत नाही हे खरं, पण धातू खाऊन टाकतं. रॉकेल: पेट घेतं आणि रबरी नळ्या खराब करतं. मध आणि साखरेचा पाकसुद्धा लोकांनी घालून पाहिला! ग्लिसरीन बरं, पण महाग आणि घट्ट. सगळ्यात जास्त चाललं ते अल्कोहोल. मिथेनॉल उकळतं ६५ अंशाला, इथेनॉल ७८ला. मग चढावर इंजिन तापलं की पाण्याआधी अल्कोहोलच उडून जायचं. गाडीवाल्याला वाटायचं आपण सुरक्षित आहोत, आणि रेडिएटरमध्ये उरलेलं असायचं निव्वळ पाणी. त्याच रात्री थंडी पडली की संपलं.

हा पेच सोडवला इथिलीन ग्लायकॉलने. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झने ते १८५०च्या दशकातच बनवलं होतं, पण पुढची अनेक दशकं त्याचं काय करायचं हेच कुणाला कळत नव्हतं. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी ग्लिसरीनच्या टंचाईमुळे स्फोटकांसाठी त्याच्याकडे पाहिलं. १९२५च्या सुमारास अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात युनियन कार्बाइडच्या कंपनीने ते मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतलं आणि १९२७ साली ते प्रेस्टोन नावाने गाड्यांसाठी बाजारात आलं. निव्वळ ग्लायकॉल उकळतं १९७ अंशाला. म्हणजे उडून जायची भीती नाही. निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल केलं तर मिश्रण उणे ३६ अंशाच्या आसपास गोठतं आणि उकळतं १०७च्या पुढे. गंमत म्हणजे निव्वळ ग्लायकॉल मात्र उणे १३ लाच गोठतं. दोघं एकत्र असले की दोघंही गोठायला तयार नाहीत! एकमेकांच्या रेणूंना ते स्फटिकाच्या रांगेत उभंच राहू देत नाहीत.

आता इथे कथेला एक वळण आहे आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे. गाडीवाल्यांना ग्लायकॉल हवं होतं थंडीसाठी. विमानवाल्यांना ते हवं होतं अगदी उलट कारणासाठी, उष्णतेसाठी.

विमानाचा रेडिएटर म्हणजे वाऱ्यात धरलेला दरवाजा. तो जेवढा मोठा तेवढा हवेचा विरोध जास्त. रेडिएटर लहान करायचा असेल तर आतला द्रव जास्त गरम हवा, कारण बाहेरच्या हवेशी तापमानाचा फरक जितका मोठा तितकी उष्णता पटकन जाते. पण पाणी शंभरला उकळतं, आणि उंचावर हवेचा दाब कमी म्हणून त्याच्याही बरंच आधी. मग निव्वळ ग्लायकॉलच भरलं तर? द्रव १२०-१५० अंशावर खेळवता येईल आणि रेडिएटर निम्म्यावर येईल. १९२०च्या दशकात अमेरिकन लष्कराच्या ओहायोमधल्या मॅकूक फील्डवर या कल्पनेवर चाचण्या झाल्या. त्यात कर्टिस डी-१२ सारखी इंजिनं होती.

इंग्रजांची वाट जरा वेगळी. १९३१ साली श्नायडर ट्रॉफी कायमची खिशात घालणारं सुपरमरीन एस.६बी हे विमान साध्या पाण्यावर थंड व्हायचं. पण रेडिएटर बाहेर लटकवण्याऐवजी पंखांची कातडीच दुहेरी केली होती आणि तिच्यामधून गरम पाणी फिरायचं. अख्खा पंख म्हणजे रेडिएटर. त्याच सप्टेंबरात या विमानाने ताशी ४०७.५ मैलांचा विक्रम केला. शर्यतीसाठी हे ठीक होतं. लढाईत अशा पंखाला एक गोळी लागली की सगळं पाणी गेलं.

मग रोल्स रॉइसने गॉशॉक इंजिनात वाफेचा प्रयोग केला. पाणी दाबाखाली शंभरच्या वर तापवायचं, मग त्याची वाफ होऊ द्यायची आणि पंखात ती थंड करून पुन्हा पाणी करायचं. म्हणजे फिरून बेंझचं पातेलं, फक्त वाफ परत पकडायची. कागदावर सुंदर. १९३४ साली उडालेल्या सुपरमरीनच्या टाइप २२४ विमानात ते बसवलं. पण परत आलेलं पाणी इतकं गरम असायचं की ते पंपातच पुन्हा वाफ व्हायचं आणि पंप कोरडा फिरायचा. प्रकल्प गुंडाळला. मर्लिन हे इंजिनही मुळात वाफेच्याच कूलिंगसाठी आखलेलं होतं. १५ ऑक्टोबर १९३३ला ते पहिल्यांदा चालवलं गेलं, पण पुढे वाफ बाजूला पडली आणि मर्लिन आलं निव्वळ ग्लायकॉलवर.

हरिकेन आणि पहिली स्पिटफायर विमानं या शंभर टक्के ग्लायकॉलवाल्या मर्लिनवर उडाली. रेडिएटर लहान झाला, विमान वेगवान झालं. पण किंमत होती. ग्लायकॉल पाण्यापेक्षा घट्ट. उष्णता उचलण्याची त्याची कुवत पाण्याच्या जेमतेम सहा-दशांश, आणि धातूकडून उष्णता घेण्यातही ते मंद. त्यामुळे द्रव गरम, धातू त्याहून गरम आणि इंजिनाचं आयुष्य कमी. शिवाय ते गळतं. आणि १११ अंश हा त्याचा फ्लॅश पॉइंट. त्यापुढे वाफ ठिणगी मिळाली तर पेट घेऊ शकते. गोळी लागलेल्या विमानातून ग्लायकॉल गरम एक्झॉस्टवर सांडणं म्हणजे काय, ते वैमानिकांना सांगायची गरज नव्हती.

मग इंजिनिअर लोकांनी काय केलं? पाणी परत आणलं! ७० टक्के पाणी, ३० टक्के ग्लायकॉल, आणि सगळी यंत्रणा दाबाखाली, म्हणजे उकळबिंदू आपोआप वर. प्रेशर कुकरचं तत्त्व. १९४० साली मर्लिन १२ आणि मर्लिन २० या आवृत्त्या अशा मिश्रणावर आल्या. इंजिनाचं आयुष्य वाढलं, आगीचा धोका गेला, गळती कमी झाली. पंधरा वर्षं पाण्याला हाकलायचे प्रयत्न करून शेवटी उष्णता वाहायचं काम पाण्याकडेच आलं. ग्लायकॉलकडे उरलं ते राखणदाराचं काम: गोठू द्यायचं नाही आणि उकळू द्यायचं नाही.

आज आपल्या गाडीत जे असतं तेही मुळात हेच. निम्म्याच्या आसपास पाणी, तेवढंच ग्लायकॉल, थोडी गंजरोधक द्रव्यं, वर दाब धरणारं झाकण. रंग फक्त ओळखीसाठी.

इतकं वाचून झाल्यावर मला वाटलं, म्हणजे कूलंटच बरोबर होतं की! मग वस्ताद पाणी का घालायचे?

उत्तर असं की मी चुकीचा प्रश्न विचारत होतो. "इंजिनासाठी चांगलं काय" हा एक प्रश्न. "इंजिन चांगलं आहे का ते कसं कळेल" हा वेगळा प्रश्न. पहिला प्रॉडक्शनचा, दुसरा टेस्टिंगचा. टेस्टिंगला लागणारा द्रव वेगळा असतो. इंजिनाच्या चाचणीघरात पाणीच राजा असतं, आणि तेही पूर्वीपासून. १८७७ साली विल्यम फ्रूडने इंजिनाची ताकद मोजायला जो ब्रेक बनवला, त्यात इंजिनाची सगळी ताकद पाणी घुसळण्यात खर्च होते आणि उष्णता होऊन वाहून जाते.

पंधरा वर्षं बंद असलेल्या इंजिनाबद्दल तुम्हाला काहीच माहिती नसतं. नळ्या तडकल्यात का, हेड गॅस्केट शाबूत आहे का, ब्लॉकच्या बाजूला नाण्यासारख्या चकत्या असतात त्या आतून सडल्यात का. अशा वेळी पाण्याचे फायदे असे.

पहिला, हिशोबाचा. गळतं ते फुकटचं गळू दे. आमच्या जीपमध्ये दहा-अकरा लिटर मावतं. तीन वेळा रिकामं करावं लागलं तर तीन वेळा कूलंट ओतणार का?

दुसरा, विषाचा. इथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतं आणि ते विषारी आहे. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं, त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. मोठ्या माणसाला शंभरेक मिलिलिटर पुरेसं ठरू शकतं, कुत्र्यामांजरांना तर अगदी थोडं. त्याचा सख्खा भाऊ डायइथिलीन ग्लायकॉल. १९३७ साली अमेरिकेत तो एका औषधात द्रावक म्हणून वापरला गेला आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. आपल्या मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमधून तोच पोटात गेला आणि १४ रुग्ण गेले. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता. मामाच्या शेडमध्ये दोन कुत्री, एक म्हैस आणि शेजारची चार पोरं दिवसभर असतात. गळक्या इंजिनातून तिथे गोड विष ठिबकवायचं म्हणजे कहर.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो मला आधी सुचलाच नव्हता. गॅस्केट गळकं असेल तर द्रव इंजिन ऑइलमध्ये उतरतो. पाणी उतरलं तर ऑइल दुधाळ होतं, चहासारखं. लगेच कळतं. आणि ऑइल बदलून इंजिन नीट गरम चालवलं की उरलंसुरलं पाणी वाफ होऊन निघून जातं, कारण ते शंभरला उकळतं. ग्लायकॉल उकळतं १९७ला. ते ऑइलमधून निघता निघत नाही. ते ऑइलशी मिळून चिकट गाळ करतं, आम्लं तयार होतात आणि बेअरिंगच्या मऊ धातूला खातात. ज्या गुणासाठी ग्लायकॉल रेडिएटरमध्ये हवं, म्हणजे न उडणं, तोच गुण ऑइलमध्ये शाप. अल्कोहोलचा दोष होता की ते उडून जातं. ग्लायकॉलचा दोष की ते जात नाही.

अजून एक बारीक गोष्ट. पाण्याचा पृष्ठताण जास्त (सुमारे ७२, ग्लायकॉलचा ४८). त्यामुळे ज्या बारीक फटीत पाणी थांबतं तिथून ग्लायकॉल पाझरू शकतं. म्हणून पाण्यावर पास झालं म्हणजे कूलंटवर पास होईलच असं नाही. टेस्ट पास झाली तरी प्रॉडक्शनवर लक्ष ठेवावंच लागतं.

आता जीपची गोष्ट पुरी करतो.

पाणी भरलं. सुरू व्हायच्या आधीच खालच्या नळीतून थेंब. नळी बदलली. मग मिस्त्रींनी ब्लॉकच्या बाजूच्या त्या चकत्यांवर हातोडीच्या दांड्याने टकटक केलं. तिसरी चकती चक्क आत गेली, कागदासारखी झाली होती. नवी पितळी चकती बसवली. पुन्हा पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता जीप सुरू झाली आणि अख्खी वस्ती गोळा झाली. आजीला खुर्ची टाकून बसवलं. वीस मिनिटं इंजिन छान चाललं. मामाच्या डोळ्यांत पाणी.

मिस्त्रींनी मात्र इंजिन बंद करून, जरा थांबून डिपस्टिक ओढली. फडक्यावर पुसली. काही न बोलता माझ्यापुढे धरली.

मस्त दुधाचा चहा.

हेड गॅस्केट गेलं होतं. मला पहिल्यांदा जे वाटलं ते सांगतो: माझे दोन्ही कॅन आत असते तर हा चहा नसता, काढा असता, आणि तो आत किती दिवस राहिला असता देव जाणे. या इंजिनाचे बेअरिंगचे शेल आता सहज मिळत नाहीत. मामाचं बजेट एकदाच इंजिन उघडायचं होतं, आणि आजीकडे वेळ किती ते कोण सांगणार.

हेड उतरवलं, घासून सरळ करून आणलं, नवं गॅस्केट घातलं. खालचा ऑइल पॅन उघडून एक शेल काढून बघितला. चकचकीत. दोनदा ऑइल बदललं. दर वेळी साध्या पाण्यावर इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवलं. तिसऱ्यांदा डिपस्टिक स्वच्छ आली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "हं. आता आणा तुमचं हिरवं."

आता तुम्ही म्हणाल, पाण्यावर एवढं चालतंय तर पाणीच राहू द्यावं. नाही! ही चूक आपल्याकडे सर्रास होते. आपल्याकडे गोठायची भीती नाही म्हणून लोक कायमचं पाणीच ठेवतात. पण पाण्यातला ऑक्सिजन बिडाला गंजवतो, आणि तांब्याचा रेडिएटर व लोखंडी ब्लॉक एकाच पाण्यात असले की धातूंची आपसात बॅटरी होते. विहिरीच्या जड पाण्यातले क्षार आतून थर धरतात. क्षार उष्णतेला इतका अडवतात की एक मिलिमीटर थर म्हणजे निदान वीस मिलिमीटर जाड बीड आडवं आल्यासारखं. जुन्या काळी म्हणूनच पावसाचं पाणी वापरायचे आणि त्यात लेथवरचं सोल्युबल ऑइल थोडं मिसळायचे. शिवाय उंचीबरोबर पाण्याचा उकळबिंदू उतरतो, साधारण दर ३०० मीटरला एक अंश. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशालाच उकळतं. म्हणजे चढ सर्वांत जास्त असतो तिथेच पाणी सर्वांत लवकर हात वर करतं. पसरणी घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आठवा.

म्हणून आम्ही रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हीच्या तोट्या उघडून पाणी पूर्ण काढलं. ब्लॉकची तोटी वेगळी असते आणि लोक ती विसरतात. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट मिसळून भरलं. तेही जुन्या पद्धतीचं. नव्या गाड्यांचं पाच-पाच वर्षं चालणारं लाँग लाइफ कूलंट जुन्या इंजिनात घालू नका. जुन्या रेडिएटरचा डाग आणि जुनी गॅस्केटं त्याला मानवतीलच असं नाही, आणि ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या संघटनांनी तसा इशारा देऊन ठेवला आहे. सुदैवाने मी आणलेलं हिरवं साधंच होतं. हे मी विचार करून आणलं होतं असं म्हणायला आवडलं असतं, पण ते स्वस्त होतं म्हणून आणलं होतं.

निघताना मी मिस्त्रींना म्हटलं, "तुम्ही सांगितलं नाहीत ना की ऑइलमध्ये जातं म्हणून? मी उगाच वाद घातला."

ते हसले. "साहेब, आमाला वस्तादानं कुठं सांगितलं होतं? एकदा हिरवं घातलं, मग शेल बदलत बसलो महिनाभर. तवापास्नं आधी पाणी."

म्हणजे कॉमेंट होती. फक्त ती लिहिलेली नव्हती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आजीला घेऊन पसरणी घाट चढलो. मी सगळा वेळ टेंपरेचरच्या काट्याकडे बघत होतो, आजी खाली कृष्णेच्या खोऱ्याकडे. काटा मधल्या खुणेच्या वर गेला नाही. पाचगणीला टेबललँडच्या खाली गाडी लावली तेव्हा आजी म्हणाली, "तुझे आजोबा हितं थांबून पाणी घालायचे रे रेडिएटरात. विसरलास वाटतं?"

विसरलो नाही म्हटलं, या वेळी गरज नाही पडली. पण आजीचा चेहरा बघून मागची बाटली काढली आणि तिच्या समाधानासाठी थोडं पाणी बॉनेटवर शिंपडलं. गरम झाकण उघडायचं नसतं, एवढं मला वस्तादांशिवायही माहीत होतं.